बदकाच्या पिल्लाची आई

"पिल्लू म्हणजे नवी सुरुवात!" मालक दारातूनच गरजले. "वसंताच्या सुट्टीत लोक दुकानाच्या दर्शनी काचेतलं पिल्लू बघायला येतात आणि सोफा घेऊन जातात. आज दुपारी पिल्लू काचेत दिसलं नाही, तर तुमची नवी सुरुवात दुसऱ्या दुकानात!"

ते गेले. फर्निचरच्या या दुकानातल्या विक्रेत्याला सगळे भागूबाई म्हणत आणि तो त्या हाकेला ओही देई. पाल, अंधार आणि मालक यांना तो घाबरायचाच. पण लहानपणी कोंबडी मागे लागल्यापासून पंखवाल्या कशाचंही नाव काढलं की त्याला घाम फुटे. आणि समोरच्या ऊबपेटीत बदकाचं अंडं आतून टकटक करत होतं.

त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, ते बाहेर आलं तर?"

"अहो, मुठीएवढं पिल्लू ते! खाणार आहे का तुम्हाला?"

"चोच असते त्याला."

"आणि तुम्हाला नोकरी असते. अजून तरी."

मनाचा हिय्या करून तो पेटीच्या काचेवर वाकला. नेमकं तेव्हाच कवच फुटलं. बदकाच्या पिल्लाची रीत अशी, की डोळ्यांना जे पहिलं दिसेल ती आई. या पिल्लाला चष्मा आणि मिशी दिसली.

दुपारी अंग सुकून ते पिवळंधमक झालं. विक्रेत्यानं केराच्या सुपलीतून त्याला कसंबसं काचेत नेऊन ठेवलं आणि धूम ठोकली. पिल्लू आकांत करत मागे धावलं. कपाटामागे गेला तरी मागे, जेवणाच्या टेबलाभोवती फिरला तरी मागे! शेवटी दमून तो काचेतल्याच आरामखुर्चीत कोसळला. पिल्लू बुटावर बसलं आणि गप्प झालं. तो जरा हलला की पुन्हा रडारड. मग तो दगडासारखा बसून राहिला. बाहेर गर्दी जमली.

"काय आरामात बसलाय बघ," एक बाई नवऱ्याला म्हणाली. "आपण हीच खुर्ची घेऊ."

तेवढ्यात मालक आले. "काचेत पिल्लू ठेवायला सांगितलं होतं, तुम्हाला नव्हे!"

त्या आवाजानं पिल्लू दचकलं आणि थेट विक्रेत्याच्या विजारीच्या पायात शिरलं. त्याचे डोळेच पांढरे झाले. पण पोटरीला लागून काहीतरी इवलंसं धडधडत होतं. ही धडधड त्याच्या चांगलीच ओळखीची होती. हे तर आपल्याहून भित्रं, असं वाटून त्याला एकदम माया आली. त्यानं पिल्लाला अलगद ओंजळीत घेतलं आणि तो मालकांसमोर गेला.

"हळू बोला, मालक. ते घाबरतं."

मालक एक पाऊल मागे सरले. तो पुढे झाला तसे आणखी मागे सरले, आणि बघता बघता जेवणाच्या टेबलावर चढले. ऊबपेटीजवळ ते एकदाही का फिरकले नव्हते, ते आता सगळ्यांना कळलं.

"लांब! लांब धरा त्याला!"

"हळू, मालक."

"बरं," मालक टेबलावरूनच कुजबुजले. "हळू बोलतो. पण त्याला सोडून तुम्ही कुठं जाऊ नका."