वाडीच्या भिंतींवरील शाळेची हकीकत

श्रीअक्षरमाउलीस दंडवत घालोन लिहितों ऐसीजे. शके १९४२, शार्वरीनाम संवत्सरीं, चैत्रमासीं राज्यावर महामारी चालोन आली. फौज नाहीं, नौबत नाहीं, खोकल्यावर स्वार होऊन आली, आणि हुजुरांतून आज्ञा सुटली कीं, शाळांस कुलपें घालावीं, मुखास फडकीं बांधावीं, आणि मुलांनीं हातांतील बोलत्या काचेंतून विद्या घ्यावी. डोंगरपायथ्याच्या वाडीस ऐसी काच एकल्या पाटलापाशीं. तीही टेकाडावर तेवढी बोलती, घरीं मुकी. आणि हुकुमाच्या शेवटीं लिहिलें होतें कीं, तपासणीच्या वेळीं मुलें वाचतीं न आढळलीं तर शाळा मोडोन नदीपार न्यावी. तें ऐकोन वाडीच्या पंतोजीण यमुनाबाई मनांत म्हणाल्या, नदीपार पोरी कोण धाडितो? मग बाईंनीं गेरू कालविला आणि घरोघरच्या पांढऱ्या भिंतींवर, वळचणीखालीं, धडे लिहिले. एका भिंतीशीं एक मूल, मध्यें बैलगाडीएवढें अंतर, आणि मुलें मधमाश्यांसारखीं दारोदार अक्षरें वेंचीत हिंडलीं. ऐसें चालतां दिवाळी आली, आणि तपासनीस येतात ऐसा सांगावाही आला. त्या सकाळीं बाई गल्लींत येतात तों भिंती धुतल्या तांदळासारख्या! बायांनीं सणाचा पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरविला होता. माती कालवीत बसलेल्या गिरजाक्कांच्या ओट्याशीं बाई धांवल्या.

"गिरजाक्का, अगं काय केलंस हें?"

"सरकारचा माणूस येणार, आन् भिंती गिरगटलेल्या ठेवू? नांवं ठेवतील की वाडीला!"

"तीच तर शाळा होती गं!"

गिरजाक्कांचा हात पांढऱ्या मातींतच राहिला, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "पोरं सुखानं पुसू देत नव्हती, बाई. ओळ वाचू दे, मग पूस, म्हणून हात धरायची. आमची शेवंता तर रडली."

इतक्यांत तपासनीस फटफटीवर बैसोन दाखल जाहले आणि पुसते जाहले, "शाळा कोठें?" बाईंनीं भिंत दाखविली. "ही तर कोरी!" तेव्हां शेवंता पुढें आली, आणि कोऱ्या भिंतीवर बोट ठेवोन, जेथें जी ओळ होती तेथें ती म्हणत, खालपावेतों उतरली. तपासनीस म्हणाले, "हें पाठांतर. पोपटही करतो. वाचन कुठाय?" आणि गेरू उचलोन त्यांनीं ठसठशीत लिहिलें, 'ही शाळा मोडावी काय?'

"अहो साहेब, पोतेरा ओला हाय अजून!" गिरजाक्का ओरडल्या.

शेवंतेनें ओंठ हलविले, एकेक अक्षर चाखिलें, मग तपासनीसांकडे पाहिलें, आणि तोंडानें कांहीं न बोलतां त्यांच्या हातचा गेरू घेऊन, टांचा उंचावोन, खालीं लिहिलें, 'नको.'

तपासनीस फडक्याआड हंसले कीं कसें, तें कोणास दिसलें नाहीं. परंतु शाळा राहिली. पुढील दिवाळीस अवघी वाडी पोतरली गेली आणि तेवढी भिंत गिरजाक्कांनीं सोडिली. महामारींत वाडीची विद्या राहिली ती ऐसी. इति हकीकत.