बिजागरीचा तिसरा खिळा

वजनाच्या दिवशी सकाळी पैलवानाने बाथरूमच्या दाराची मूठ फिरवली, तेव्हा मूठ हातात आली आणि दार जिथल्या तिथे राहिलं.

पैलवान म्हणजे या घरची सून. कुस्ती, ठोसे आणि लाथा एकत्र चालतात असा पिंजऱ्यातला खेळ ती खेळायची आणि तिच्या पकडीतून सहसा कुणी सुटत नसे. दुसऱ्या दिवशी लढत होती. अकराच्या आत वजन करून घ्यायचं होतं, नाहीतर नाव बाद. काटा अजून तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणून वाफेत घाम काढायला ती आत शिरली होती.

नवरा फिरतीवर असल्याने घरी फक्त सासरे होते. ते आपल्या छोट्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे आणि मोजकं बोलायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिच्या खेळाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना तो पसंत नाही, असं ती धरूनच चालली होती. त्यामुळे आपण अडकलोय हे सांगायलाच तिने पाच मिनिटं लावली.

सासऱ्यांनी बाहेरची मूठ फिरवून पाहिली. ती नुसतीच गरगर फिरली. मग त्यांनी दाराला खांद्याने धक्का दिला. दाराला काही झालं नाही, खांदा मात्र दुखावला. सुताराला फोन लावला तर तो म्हणाला, दोनला येतो.

"बाबा, बाजूला व्हा. लाथ घालते," ती आतून म्हणाली.

"दार आत उघडतं. लाथेने चौकटीवर आणखी घट्ट बसेल."

ओढायचं म्हटलं तर धरायला मूठच नव्हती. अंगात एवढी ताकद असून ती कुठे लावायची हे तिला कळेना. तेवढ्यात तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला. सासऱ्यांनी तो दाराच्या फटीशी धरला. सगळं ऐकून सरांनी बजावलं की लाथ नको, धक्का नको, काही म्हणजे काही उचलायचं नाही. उद्या खांदा आणि पाय शाबूत हवेत.

सासऱ्यांनी घड्याळांच्या हत्यारांची पेटी आणली. मग त्यांनी दाराखालून एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आत सरकवला. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. प्रत्येकीतला खिळा खालून ठोकून वर काढायचा, एवढंच काम होतं. चपलेच्या टाचेने ठोकत तिने दोन खिळे काढले. तिसरा गंजलेला होता. तिने दात-ओठ खाऊन जोर लावला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोडलं.

नऊ वाजून गेले होते. ती ओल्या फरशीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, टोक मोडलं."

"मोडू दे, दुसरा देतो. आता जोर लावू नकोस. केसांचं तेल आहे ना तिथे? दोन थेंब सोड, थोडं थांब आणि खिळा नुसता फिरव. घड्याळाचा स्क्रू असाच निघतो."

तिने तेल सोडलं. दोघंही दोन बाजूंना दाराला टेकून बसली. दहा मिनिटांनी तिने खिळा चिमटीत धरून हळूच फिरवला. तो कुरकुरला, हलला आणि वर आला. पाठोपाठ अख्खं दार तिच्या अंगावर कललं. तिने ते दोन्ही हातांनी तोललं, उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. सरांना हे सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

अकराला सात मिनिटं असताना दोघं वजनाच्या ठिकाणी पोचली. काट्यावर उभी राहिल्यावर तिने डोळे मिटून घेतले. वजन मर्यादेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी भरलं. दीड तासाच्या धास्तीने घाम वाफेपेक्षा जास्त काढला होता. तिथे वाट बघत थांबलेल्या सरांनी कपाळ पुसलं आणि खुर्ची शोधली.

मग छायाचित्रासाठी तिला प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहायचं होतं. ती निघाली, तेव्हा सासरे तिच्या कानाशी झुकले.

"हिची डावी लाथ सांभाळ. मागच्या तिन्ही लढतींत हिने तिथूनच सुरुवात केलीय. आणि तू उजवा हात खाली सोडतेस. दर वेळी."

ती थबकली. "तुम्ही माझ्या लढती बघता?"

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं," ते म्हणाले.