घरातील ज्येष्ठ सदस्य

जावक विभागातल्या कारकुनाला आठ दिवसांची रजा हवी होती आणि खरं कारण सांगून ती मिळणार नव्हती. त्याचा कुत्रा आजारी होता. आजार साधासुधा नव्हता. वय साडेतेरा, पोटात कॅन्सरची गाठ, हृदय मोठं झालेलं, मागचे पाय संधिवाताने धरलेले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उमेदीच्या काळात हा खिडकीत बसून खालच्या रस्त्याच्या प्रत्येक खोदकामावर देखरेख करायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं होतं आणि नवरा-बायको त्याच्याविषयी अहो-जाहोनेच बोलत. आता मुकादमांना दिवसातून तीनदा उचलून तीन जिने उतरावे लागत. सात गोळ्या उकडलेल्या अंड्यात दडवून भरवाव्या लागत. मुकादम अंडं खात आणि गोळ्या एकेक करून सतरंजीवर मांडून ठेवत.

मागच्या वर्षी कचेरीत एकाने पोपटासाठी अर्धा दिवस मागितला होता. साहेबांनी तो अर्ज सूचनाफलकावर लावला होता. तेव्हा 'रुग्णाशी नाते' या रकान्यात कारकुनाने पुष्कळ विचार करून 'घरातील ज्येष्ठ सदस्य' असं लिहिलं. वयाच्या रकान्यात, प्राण्यांच्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता आठवून, कुत्र्याचं माणसाच्या हिशेबातलं वय लिहिलं: ब्याऐंशी. बाकी कॅन्सर, हृदय, पाय, डोळे, लघवीवर ताबा नाही, सगळं जसंच्या तसं. अख्ख्या अर्जात एक शब्द खोटा नव्हता. वीस वर्षं जावक विभागात काढल्यावर माणसाला एवढी विद्या येतेच.

अर्ज वाचून साहेबांनी चष्मा काढला. कारकुनाच्या अपेंडिक्सच्या वेळी याच साहेबांनी "ऑपरेशन रविवारी नाही का होत?" असं विचारलं होतं. आज त्यांचा आवाज जड झाला. "अहो, एवढं सगळं एकट्याने सोसताय? आधी बोलायचं नाही का!" त्यांनी सही केली. कारकून बाहेर पडला आणि मागोमाग बातमीही बाहेर पडली.

बुधवारी नवरा-बायको मुकादमांना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. घरात एकटे आप्पा, म्हणजे कारकुनाचे वडील. वय एक्क्याऐंशी, दात स्वतःचे, आवाज जिन्यात घुमणारा. कुत्रा म्हातारा झालाय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. "कुत्र्याला कसला कॅन्सर!" म्हणून ते घर डोक्यावर घेतील, या भीतीने त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

दारावरची घंटा वाजली. साहेब, टायपिस्टबाई आणि आणखी तिघं, हातात फळांची टोपली.

"स्वतः दार उघडलंत?" साहेब हळहळले. "कशाला उठलात?"

"मग काय दार स्वतः उघडणार?"

पाहुणे एकमेकांकडे कौतुकाने बघत आत आले.

"भूक लागते का?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"कडाडून."

"पायांचं कसं आहे? तीन जिने उचलून न्यावं लागतं म्हणे."

"मला? अहो, मी रोज दोनदा चढतो-उतरतो!"

"मनाची ताकद," साहेब हळूच म्हणाले आणि त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. "हे बघा, कॅन्सरला आजकाल कुणी घाबरत नाही."

"कॅन्सर कुणाला झालाय?"

टायपिस्टबाईंनी पदर तोंडाशी नेला. "अगं बाई! यांना सांगितलेलंच नाही!"

दोन मिनिटांत सगळे चपला हातात घेऊनच जिना उतरले. टोपली राहिली, आणि टोपलीसमोर आप्पा.

संध्याकाळी त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून ऐकलं.

"डॉक्टर म्हणाले, फार तर तीन महिने," मुलगा सांगत होता. "हवं ते खाऊ द्या म्हणाले. आणि त्यांच्यासमोर हसतमुख राहायचं."

सुनेने नाक ओढलं. "आणि नखं?"

"रविवारी मी धरतो, तू काप."

आप्पांनी आपली नखं पाहिली. खरंच वाढली होती.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा बदलले. सकाळी मुलाला बोलावून स्वतःचं मनगटी घड्याळ त्याच्या हातावर बांधलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांशी पाण्याच्या टाकीवरून त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. खाली जाऊन त्यांना मिठी मारून आले. पोस्टमास्तर घाबरून दिवसभर घराबाहेर पडले नाहीत.

"आप्पांचं काहीतरी बिनसलंय," सून शुक्रवारी नवऱ्याला म्हणाली. "त्यांनी माझ्या भाजीला छान म्हटलं."

"चुकून म्हटलं असेल."

"दोनदा म्हटलं हो!"

आता मात्र कारकून हबकला. शनिवारी सकाळी तो चेहऱ्यावर हसू ओढून आप्पांपुढे उभा राहिला. "आप्पा, सहज आपलं, डॉक्टरांकडे जाऊन येऊया का? काळजीचं काही नाही."

"हसू नकोस," आप्पा शांतपणे म्हणाले. "मला सगळं माहीत आहे. तीन महिने."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या साहेबांनी. उरलेलं तू."

मग अर्ज, रकाना, ब्याऐंशीचा आकडा, सगळं बाहेर आलं. सून आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली.

"म्हणजे मी ठणठणीत आहे?"

"अगदी ठणठणीत, आप्पा."

"मग त्या पोस्टमास्तराला मिठी मारून आलो, तिचं काय करू? काढ ते घड्याळ आधी!"

घड्याळ परत घेतलं, ते मनगटावर बांधायला मात्र त्यांना वेळ लागला. पट्टा दोनदा निसटला. तेवढ्यात सून अंडं घेऊन मुकादमांच्या सतरंजीजवळ बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "काही नाही हं झालेलं! किती छान दिसताय आज!"

मुकादमांनी तोंड फिरवलं.

"असं बोलू नकोस त्याच्याशी," आप्पा म्हणाले.

"का?"

"गेले तीन दिवस मला सगळ्यांचं बोलणं तसलंच वाटत होतं. फार भीती वाटते त्याची."

गुडघे धरत आप्पा खाली बसले. आयुष्यात त्यांनी त्या कुत्र्याला हात लावला नव्हता. त्यांनी सुनेच्या हातून बशी घेतली, अंडं बाजूला ठेवलं आणि एक गोळी उघडी तळहातावर धरली. "हे बघ, औषध आहे. कडू आहे. तुझी तब्येत बरी नाहीये, म्हणून घ्यायचं."

मुकादमांनी त्यांचा हात हुंगला. थोडा विचार केला, आणि गोळी गिळली.

फोन वाजला. साहेबांचा होता. कारकुनाचा चेहरा पडला, पण आप्पांनी फोन त्याच्या हातून काढून घेतला.

"हो, मीच बोलतोय. नाही, तब्येत नाजूकच आहे. लघवीचं तर विचारूच नका." दुसरी गोळी तळहातावर घेत ते म्हणाले, "मुलाला आणखी पंधरा दिवस ठेवून घेतो. आणि पुढच्या वेळी फळं नकोत, अंडी आणा."