दामले काका आणि इट्रस्कन मंडळी

"हॅलो, तुमच्याकडे इट्रस्कन आहेत का? आहेत? बाहेर मांडलेत की आत कपाटात ठेवलेत?"

असा फोन दामले काका अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या आडगावच्या म्युझियमला आठवड्यातून एकदा तरी करतात. पलीकडच्या माणसाने "बाहेर आहेत" असं सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. जरा वेळाने पुन्हा फोन. "खात्री करून घेतलेली बरी," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

काका इथे अमेरिकेतच, नोव्हाय गावात आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात घालवली. त्यामुळे जगात चालणारी प्रत्येक गोष्ट वेळेवर थांबेल की नाही, ही काळजी त्यांच्या हाडीमाशी भिनली आहे. माझ्या गाडीत शेजारी बसले की उजवा पाय सारखा दाबत असतात. त्यांच्या बाजूची मॅट झिजून गेली, माझ्या बाजूची अजून नवीकोरी आहे.

इट्रस्कन म्हणजे रोमन लोकांच्या आधी इटलीत नांदलेली मंडळी. रिटायर झाल्यावर काका-काकू टूरबरोबर इटलीला गेले होते. बाकीचे लोक कलता मनोरा तळहातावर तोलून फोटो काढत होते, तेव्हा काका काकूंना घेऊन साध्या बसने एका ओसाड टेकाडावर पोचले. तिथे खडकात कोरलेली थडगी होती, अगदी घरासारखी. दार, आढं, पलंग, पलंगावर दगडी उशीसुद्धा. काका भारावून गेले. काकूंनी सगळीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "घर छान आहे हो, पण मोरी कुठे दिसत नाही."

तेव्हापासून काकांना हे वेड लागलं. मोठ्या, नावाजलेल्या म्युझियममध्ये मात्र ते पाऊल ठेवत नाहीत. "तिथे गर्दी फार. धड बोलणं होत नाही," म्हणतात. कोणाशी बोलणं, हे विचारायची सोय नाही.

मध्यंतरी काकूंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. ऑपरेशन सोमवारी. आणि शनिवारी सकाळी काका थर्मास घेऊन माझ्या दारात उभे!

"शिल्पा, ओहायोत एका कॉलेजमध्ये इट्रस्कन जोडपं आहे. नवरा-बायको, एकाच शवपेटीवर. मला आजच बघायला पाहिजे. हायवेवर मला हल्ली ड्राइव्ह करवत नाही. दोनदा फोन करून कन्फर्म केलंय."

मी भडकलेच. बायकोचं ऑपरेशन परवावर आलंय आणि या माणसाला थडगी सुचतायत! तणतणत काकूंकडे गेले, तर त्या हसल्या. "ने गं बाई त्यांना. घरी थांबले तर दर तासाला माझं बीपी मोजतील, आणि त्यानेच ते वाढेल."

निघालो. गॅसची टाकी अर्धी होती. अर्धी म्हणजे रिकामीच, असं म्हणून काकांनी गाडी गल्लीच्या तोंडालाच पंपावर घ्यायला लावली. मग प्रत्येक रेस्ट एरियातून घरी फोन. "गोळी घेतलीस? बसून आहेस ना? दम नाही ना लागत?"

"आहे हो, अजून आहे मी," काकू स्पीकरवर म्हणाल्या. मला हसू आलं. काका हसले नाहीत. खिडकीबाहेरची मक्याची शेतं बघत राहिले.

म्युझियम म्हणजे लायब्ररीच्या तळघरातली एक खोली. जोडपं मात्र होतं. शवपेटीचं झाकण म्हणजे कोच, आणि त्यावर रेलून दोघं मजेत जेवायला बसलेले. ती पुढे, तो तिच्या मागे, त्याचा हात तिच्या खांद्यावर. ड्यूटीवरची विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, "सर, ही प्लास्टरची कॉपी आहे, तुम्हाला माहिती आहे ना?"

मी कपाळाला हात लावला. एवढे मैल तुडवून कॉपी! काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी तिला विचारलं, "यांच्यातलं आधी कोण गेलं?"

ती गोंधळली. ते कोणालाच माहीत नाही, म्हणाली. कदाचित दोघं हयात असतानाच त्यांनी हे करवून घेतलं असेल.

"हयात असतानाच," काका पुटपुटले. बराच वेळ ते तिथून हलेनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिल्पा, अख्ख्या संसारात ही कधी माझ्याबरोबर जेवायला बसली नाही गं. मी जेवायचं आणि हिने तव्यावरची पोळी आणून वाढायची. मुलं शिकून बाहेर पडली, तरी तेच. आणि मी कधी बस म्हटलंच नाही. गरम पोळी आवडते ना मला."

परतताना त्यांनी एकही फोन केला नाही. पाय दाबतच होते, पण आता बहुतेक अ‍ॅक्सिलरेटर. "जरा फास्ट घे ना," हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

घरात शिरलो तर काकू शेगडीपाशी उभ्या. ओट्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्यांच्या चळती.

"काकू, अहो, तुम्हाला उभं राहायला मनाई आहे ना?" मी ओरडले.

"फ्रीझरला टाकतेय. सोमवारनंतर हे खाणार काय? अहो, हातपाय धुवा, गरम पोळी वाढते."

काकांनी अंगातलं जाकीटही न काढता शेगडी बंद केली. "तू बस. आपण दोघं जेवू."

"मी बसले तर तुम्हाला वाढणार कोण?"

"या आहेत की एवढ्या."

"त्या गार झाल्या. गार पोळी तुमच्या घशाखाली उतरत नाही."

"उतरेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "शिल्पा, तू तरी सांग यांना." मी गुपचूप दोन पानं घेतली, शेजारीशेजारी. काकू नव्या नवरीसारख्या अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

दोघं खाली बघून जेवत होते. काकांचा घास तोंडातच घोळत राहिला. तो कसाबसा गिळून ते म्हणाले, "मला सोमवारची फार भीती वाटतेय गं."

"मलाही," काकू म्हणाल्या आणि सवयीने भाजी वाढायला उठू लागल्या. काकांनी त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं, पातेलं ओढलं आणि त्यांच्या ताटात स्वतः भाजी वाढली. हाताला सवय नाही, त्यामुळे फारच पडली. काकूंनी ती सगळी संपवली.