कलम चौदा : रानडुकरांची जबाबदार शिकार

बहरीनमधल्या, मनामातल्या आमच्या एअर कंडिशनिंग कंपनीत आल्बर्ट यांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. आल्बर्ट आमचे स्टोअर-इन्चार्ज, मूळचे वसईचे, राहायला इथल्याच माहूज भागात. कारण साधं होतं. एकुलत्या एका मुलीचं, बेनिटाचं, सत्तावीस डिसेंबरला वसईत लग्न. सिस्टिमने अर्ज तीन सेकंदांत परत पाठवला. शेरा होता: 'प्रशिक्षण अपूर्ण. विषय : रानडुकरांची जबाबदार व परिणामकारक शिकार.'

बहरीनमध्ये रानडुकरं नाहीत. पूर्वी होती असंही कुणी म्हणत नाही. पण गेल्या वर्षी कंपनीने एका सल्लागाराकडून तयार धोरण विकत घेतलं, आणि त्याचं आधीचं गिऱ्हाईक युरोपातलं कुठलंसं जंगल असावं. एकशे चाळीस पानांत कलम चौदा तसंच राहून गेलं. आम्ही दोनशे बारा जणांनी 'वाचले व समजले' या चौकोनात टिक केली होती. मला त्याला चार सेकंद लागले. पुण्याचा असल्यामुळे मी कामात काटेकोर आहे.

आल्बर्ट कंप्लायन्सच्या कश्मिरा मॅडमकडे गेले.

"मॅडम, इथे डुक्कर फक्त सुपरमार्केटच्या आतल्या खोलीत मिळतं. तेपण कापून, पॅक करून."

"डुक्कर नसेल, जबाबदारी तर आहे ना, आल्बर्ट? क्लॉज आहे तोवर ट्रेनिंग आहे. सगळ्या स्टाफला आहे, तुमची रजा मध्ये आली एवढंच."

मग आम्ही सगळ्यांनीच लेखी परीक्षा दिली. सावजामागे काय आहे ते न पाहता गोळी झाडावी का? पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारावं का? जखमी जनावराला तसंच टाकून जावं का? आल्बर्टना शहाण्णव मार्क पडले. राहिलं प्रात्यक्षिक. त्यासाठी एका शुक्रवारी आम्ही पिवळी जाकिटं आणि हेल्मेट घालून सखीरच्या वाळवंटात गेलो. बंदूक नव्हती, कारण परचेसची तीन कोटेशनं अजून आली नव्हती. दुपारपर्यंत चार उंट आणि एका कुटुंबाचा तंबू आढळला. तंबूवाल्यांनी चहा दिला. अहवालात 'परिणामकारकता : शून्य टक्के' असं गेलं, आणि हेड ऑफिसने 'सुधारणा अपेक्षित' म्हणून पुढची शिकार जानेवारीत ठेवली.

आल्बर्ट पुन्हा मॅडमपुढे उभे राहिले. मॅडमनी आवाज खाली आणला.

"एकच मार्ग आहे. हा क्लॉज चुकून आलाय असं लेखी द्या. मी काढून टाकते."

"आत्ता देतो."

"पण मग वाचताना का सांगितलं नाही, तेही लिहावं लागेल. न वाचता टिक करणं म्हणजे खोटं डिक्लेरेशन. अर्ध्या स्टाफने लिहिलं तर ती सिस्टिमची चूक. एकट्याने लिहिलं तर त्याची चौकशी."

आल्बर्ट कागद घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. फायनान्सच्या हेमचंद्रांनी सांगितलं, की त्यांनी कलम चौदा दोनदा वाचलं होतं आणि दुसऱ्यांदा ते जास्त पटलं. रिसेप्शनवरची सिल्व्हिया म्हणाली, दिवस असे आलेत की असे नियम हवेतच. शेवटी ते माझ्याकडे आले.

"सुयश, तू तरी खरं सांग. वाचलेलंस?"

"वाचलं होतं, आल्बर्टभाऊ," मी म्हणालो. माझं इन्क्रिमेंट मार्चमध्ये होतं. मला लाज वाटली, पण ती आतल्या आत वाटली.

आल्बर्टनी एकट्याने सही केली: 'मी वाचलं नव्हतं.' दोनशे बारा जणांत खोटं बोलणारा माणूस अखेर सापडला. चौकशी बसली, आणि ती संपेपर्यंत त्यांची रजा गोठवली गेली.

मनाला टोचणी लागली म्हणून मी ते धोरण पहिल्यांदाच उघडलं. कलम चौदा, पोटकलम नऊ: 'ज्या देशात रानडुकरं नाहीत, तेथे हे कलम लागू नाही.'

लग्नाला आठ दिवस होते. त्या ओळीवर बोट ठेवलं की काम झालं. पण मॅडम विचारणार, हे कधी वाचलंत? गेल्या वर्षी म्हणावं, तर इतके दिवस गप्प का बसलात? आज म्हणावं, तर माझीही चौकशी. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि फाइल बंद केली.

सत्तावीस तारीख रविवारी आली, म्हणजे आमचा कामाचा दिवस. जेवणाच्या सुट्टीत आल्बर्ट लग्नासाठी शिवलेला सूट घालून पँट्रीत आले आणि साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून बसले. पडद्यावर बेनिटा काकाचा हात धरून चर्चमध्ये शिरली. आम्ही सगळे उभे राहिलो. कश्मिरा मॅडमना रडू आवरेना. हेमचंद्रांनी केक आणला होता. आल्बर्टनी आशीर्वादाला हात वर केला, आणि नेटवर्क गेलं.

"खलास," ते म्हणाले आणि स्टोअरकडे गेले. एसीचे फिल्टर मोजायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी लेखी परीक्षेची सर्टिफिकेटं आली. मला शंभरपैकी शंभर आहेत. जखमी जनावराला तसंच टाकून जाऊ नये, हे उत्तर तर मी प्रश्न पुरता न वाचताच बरोबर दिलं होतं.

तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. फक्त गेल्या महिन्यात तुमच्या मोबाईलवर ज्या 'मान्य आहे'वर तुम्ही बोट दाबलंत, त्यातलं चौदावं कलम काय होतं, तेवढं मला लेखी कळवा.