चन्नाप्पा हत्तरगीचा स्वे बार

चन्नाप्पा हत्तरगी कुणालाही भेटला की आधी वजन विचारतो. नमस्कार नाही, कसं काय नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, "किती किलो?" माझ्या साडूला त्यानं हे भर लग्नात, अक्षता हातात असताना विचारलं. साडू बिचारा सरळ माणूस, त्यानं खरं सांगितलं. त्यावर हा म्हणाला, "लई होतंय. तुमचा उपयोग न्हाय." साडू तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

उपयोग कशासाठी, तर गाडीच्या सीटवर बसवायला. राजारामपुरीत आमच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे, वर आम्ही राहतो. समोरच्या बंगल्यात चन्नाप्पा. पंपाच्या सुट्या भागांचा धंदा करून म्हातारा झालेला, मूळचा सीमेकडचा. फार रागावला की कानडीत शिव्या देतो आणि लाडात आला की मराठीत गुणगुणतो. लाडात आलेला मी त्याला एकदाही बघितलेला नाही, ते त्याची बायको गिरिजाक्का सांगायच्या म्हणून ठाऊक.

त्याच्या दारात एक जुनी मोटार आहे. एकेकाळी टॅक्स्या असायच्या त्यातली, गोल दिव्यांची, फिक्या पिवळ्या रंगाची. चालते झकास, पण वळणावर झुलते. त्या काळातल्या गाड्या झुलायच्याच, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. चन्नाप्पालाही इतकी वर्षं वाटलं नाही. वाटायला लागलं ते गिरिजाक्का घर सोडून रत्नागिरीला लेकीकडं गेल्यावर.

आता सरळच सांगतो, कारण आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. लेक दीपा, एकुलती एक. तिनं कॉलेजात तिच्याबरोबर शिकवणाऱ्या अमोलशी लग्न केलं. मुलगा बौद्ध, हे लिंगायत. चन्नाप्पा लग्नाला गेला नाही. अक्का एकट्या गेल्या, परत आल्या, वर्षभर गप राहिल्या, आणि मग दीपाच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या गेल्याच. माझ्या बायकोला त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलंय, "त्यांनी यावं, जिना चढावा, जावयाच्या हातचं पाणी प्यावं. त्याच पावली मी येते." बस्स. तांब्याभर पाणी. यापेक्षा स्वस्तात कुणाची बायको परत येत असेल तर मला दाखवा.

आणि हा गडी गल्लीभर सांगत सुटला, "तिला घाट सोसत न्हाय ओ. गाडी झुलती, मळमळतंय तिला. झुलायची थांबली की येतीया." समोरचा माणूस मान हलवायचा. सगळ्यांना खरं माहीत, आणि सगळ्यांना खरं माहीत आहे हे त्यालाही माहीत. तरी एवढ्या निर्लज्जपणे सांगायचा की ऐकणाऱ्यालाच लाज वाटायची.

मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून त्याला शोध लागला की मागच्या दोन चाकांमध्ये एक वाकवलेली पोलादी सळई आडवी बसवली की गाडी वळणावर कलत नाही. तिला स्वे बार म्हणतात. कंपनीनं त्याच्या गाडीला तो दिलेला नव्हता. मग साता समुद्रापलीकडं जुन्या गाड्यांचे असले बार बनवणारा कुणीतरी त्यानं हुडकून काढला आणि बार मागवला. तो आला त्या दिवशी चन्नाप्पानं दारात नारळ फोडला. लेकीच्या लग्नात तोरण लावलं नाही ह्या माणसानं, आणि सळईपुढं नारळ!

बार अर्थातच बसला नाही. दोन बोटं लांब निघाला. मग उद्यमनगरातून बाळू मिस्त्री आला. महिनोन्महिने त्या बंगल्याच्या दारात गाडीखालून दोन जोडी पाय बाहेर दिसायचे, एक बाळूचे आणि एक चन्नाप्पाचे. पट्ट्या बनवल्या, मोडल्या, परत बनवल्या. बाळू वैतागून म्हणायचा, "अण्णा, म्हातारी गाडी हाय, ह्या वयात तिला कशाला शिस्त लावताय?"

"लोखंडाला सांगितलं की कळतंय, बाळू," चन्नाप्पा म्हणायचा. "माणसांचं मला सांगू नगंस."

शेवटी बार बसला, आणि दोघांनी मिळून एक घोळ घातला. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबतायत, आणि तशातच यांनी सगळे नट करकचून आवळले. गाडी खाली उतरवली तर मागचे सांध्यातले रबरी बुश पार पिळवटून गेले. पहिल्याच स्पीडब्रेकरवर असा आवाज निघाला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक रस्त्यावर धावलं. तेव्हा यांच्या डोक्यात उजेड पडला. नट आवळायचे ते गाडी जमिनीवर असताना, आणि आत माणसं बसलेली असताना. रोजचा भार जेवढा, तेवढ्यावर बार बेतायचा.

आता तुम्हाला वजनाचं कोडं सुटलं असेल. माझ्या दुकानात काटा आहे. चन्नाप्पा एकेकाला दंडाला धरून आणायचा आणि काट्यावर उभा करायचा. मागं उजवीकडं त्याला चोपन्न किलो हवे होते. मागं डावीकडं अठ्ठावन्न, अधिक आठ.

"अधिक आठ म्हणजे?" मी विचारलं.

"अधिक आठ म्हणजे अधिक आठ."

चोपन्न म्हणजे अक्का, हे मला कळलं. त्या दर महिन्याला माझ्याच काट्यावर उभ्या राहायच्या. अठ्ठावन्न म्हणजे दीपा. आणि आठ म्हणजे मांडीवर काय असणार, ते कळायला मी काही दूधखुळा नाही. मग तो काट्याकडं बघतच म्हणाला, "तात्या, तो पोरगा कधी तुमच्या काट्यावर उभा राहिल्ता काय?"

"कुठला पोरगा?" मी मुद्दाम विचारलं. म्हटलं, नाव तर घेईल!

"तोच ओ."

"असेल सत्तरच्या आसपास."

"पुढं, माझ्या बाजूला, सत्तर," असं पुटपुटत गेला.

एका रविवारी दुपारी, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत, आम्ही त्या बंद गाडीत जाऊन बसलो. मागं माझी बायको अक्कांच्या जागी, शेजारच्या पवारवहिनी दीपाच्या जागी, त्यांच्या मांडीवर आठ किलो ज्वारी. पुढं मी चौसष्ट किलोचा, म्हणून माझ्या हातात सहा किलो ज्वारी. स्टिअरिंगवर चन्नाप्पा. खाली बाळू नट आवळतोय. जाणारा येणारा विचारतोय, "काय पावणं, निघाला कुठं?" आणि आम्ही घामाघूम होऊन ज्वारी सांभाळतोय.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, माणसांच्या वजनाची ज्वारी जमवतायसा, त्यापेक्षा माणसंच आणा की!"

"मग हे कशासाठी चाललंय?" तो माझ्यावरच खेकसला. "खुळा हाय व्हय मी?"

होताच की खुळा.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही रत्नागिरीला निघालो. मला का नेलं, तर एकटा गेलो तर लोक काय म्हणतील म्हणून. मी का गेलो, तर बायकोनं दम दिला म्हणून. "आज तरी त्यांना वर घेऊन जा," ती म्हणाली होती. मलकापुरात चहाला थांबलो तर हा कपडे न बघता गाडीखाली शिरला. माणसं गोळा झाली. "बिघडली काय?" एकानं विचारलं. "न्हाय," खालून आवाज आला, "लई चांगली चाललीया, म्हणून बघतोय."

आणि खरंच चांगली चालली होती, खोटं कशाला बोलू? आंबा घाटातली वळणं गाडीनं अशी घेतली की अंगावरचा शर्ट हलला नाही. फक्त खड्डे आधी एका बाजूला लागायचे, ते आता दोन्ही बाजूंना लागत होते. माझ्या कमरेचा पार भुगा झाला. चन्नाप्पा मात्र प्रत्येक वळणाला विचारायचा, "झुलली? सांगा की, झुलली?" घाट उतरेपर्यंत मी "न्हाय" म्हणत होतो.

दीपाच्या इमारतीखाली गाडी लावली आणि ह्यानं हॉर्न वाजवला. शहाण्या माणसा, बेल असते ना दाराला! अक्का गॅलरीत आल्या. गाडी बघून त्यांचा हात तोंडावर गेला.

"वर या," त्या म्हणाल्या.

"तूच खाली ये. बसून तर बघ."

मला लघवीला जायचं होतं, त्यामुळं मी तरी वर गेलोच. पहिलाच मजला. दार अमोलनं उघडलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा वाढवला. आतल्या खोलीत दीपाची पोरगी झोपलेली दिसली. दाराजवळ एक भरलेली पिशवी होती. दीपा आईला अव्वा म्हणते. ती हळूच म्हणाली, "अव्वानं गाडी बघितली आणि पिशवी भरूनच खाली गेली, काका. अण्णा येतील ना वर?"

मी म्हटलं, "येतील, येतील." तेव्हा अमोल उठला. म्हणाला, "त्यांना जिना चढायला जड जात असेल तर मीच खाली नेतो." त्यानं तांब्या घासून घेतला, पाणी भरलं, वर फुलपात्र ठेवलं आणि निघाला. मी मागोमाग. एवढं सोपं करून दिलं होतं पोरानं.

खाली अक्का गाडीतून एक चक्कर मारून आल्या होत्या. मागच्या सीटवर उजवीकडं बसलेल्या, दार उघडं, एक पाय बाहेर. चेहरा लहान पोरीसारखा झालेला. "छान केलीसा हो गाडी," त्या म्हणत होत्या. चन्नाप्पानं आम्हाला येताना बघितलं. बघितलं आणि लगेच बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"अण्णा, पाणी," अमोल म्हणाला.

हा इंजिनात बघत राहिला. अमोल तसाच उभा. अक्कांची नजर हलत नव्हती. शेवटी चन्नाप्पानं हात पुढं केला, तांब्या घेतला. खरंच घेतला! त्यानं दुसऱ्या हातात फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं, वाफ फसफसली, आणि त्यानं ते सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

"घाटात तापली हुती," तो म्हणाला, कुणाकडंही न बघता.

अमोलनं रिकामा तांब्या घेतला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच मला बघवलं नाही. अक्का गाडीतून उतरल्या. दार त्यांनी अगदी हळू लावलं.

"गाडीनं पिलं," त्या म्हणाल्या. "तुमाला काय झालं हुतं?"

आणि जिना चढून गेल्या.

परतीला आम्ही घाट चढत होतो. मला इतका संताप आला होता की बोललो असतो तर शिव्याच आल्या असत्या. मनात म्हणत होतो, मर असाच, एकटाच बस त्या बंगल्यात तुझा बार घेऊन. गाडी प्रत्येक वळण सपाट घेत होती आणि ह्या वेळी तो काहीच विचारत नव्हता. अर्ध्या घाटात त्यानं तोंड उघडलं. नजर रस्त्यावर.

"तात्या, वर पोरगी दिसली काय?"

"झोपली हुती."

"कुणावर गेलीया?"

वाटलं, सांगूच नये. बघायचं होतं तर वर यायचं होतं. पण स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले त्याचे हात दिसले, आणि जीभ आवरली नाही.

"तुमच्यावर," मी म्हणालो. "कपाळ तुमचं, हनुवटी तुमची. झोपेतसुद्धा मुठी आवळलेल्या."

पुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक रडतखडत चढत होता. त्यानं हॉर्नही दिला नाही, ओव्हरटेकही केलं नाही. त्याच्या मागं मागं चालवत राहिला.

"मग अवघड हाय तिचं," म्हणाला.