हात कुठून आला?

आम्ही माणसं नऊ आणि घोंगड्या दोन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर आमची वाडी. चार म्हशी, पंधरा-वीस शेळ्या, आणि पावसाळ्यात त्या सगळ्यांसकट आम्ही एकाच छपराखाली. सर्दी आमच्यात एकट्याला कधी झालीच नाही. आज म्हाताऱ्या आज्याला शिंक आली की उद्या थोरला भाऊ, परवा मी, मग धाकटी, आणि आठवडाभरानं फिरून आज्या. नाकं पुसायला दाराजवळच्या खुंटीवर आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा टांगलेला असे. तो सगळ्यांचा. सातवीची माझी निम्मी शाळा पडशानं बुडाली. पण त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. आषाढात नाक सुरू व्हायचं आणि गणपती गेल्यावर थांबायचं, बस.

दहावी झाले आणि पुढं शिकायला बिरवाडीला धाकूमामाकडे आले. आईचा हा धाकटा भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता आणि बिरवाडीत एका चाळीत खोली घेऊन राहत होता. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर मामानं चौकटीला आडवा हात लावला.

"हात कुठून आला?"

मला वाटलं, मामाला ऐकायला कमी येतं की काय. म्हटलं, "वाडीवरनं आले, मामा."

"तू वाडीवरनं आलीस गो. हात कुठून आला?"

मग मला सांगावं लागलं. निघताना शेळीच्या पाठीवरून फिरवला, मग एस्टीचा दांडा धरला, मग सुट्टे पैसे घेतले, मग, खरं सांगायचं तर, नाक पुसलं. मामा एकेकाला मान हलवत होता. पोलीस जबाब घेतात तसा. शेवटी मला मोरीवर नेलं, हातावर तांब्यानं पाणी घातलं, साबण दिला आणि म्हणाला, "तेराचा पाढा म्हण. संपस्तोवर चोळ."

मी तेरा सत्तेला अडकले. मामानं हात परत भिजवले. "पयल्यापासनं. अर्ध्या पाढ्यानं अर्धी सर्दी जाते."

पुढं शाळेत शिक्षिका झाल्यावर मुलं मला विचारायची, बाई, तुमचे पाढे इतके पक्के कसे? त्यांना काय सांगणार, मी मोरीवर शिकले म्हणून.

मामाला हे वेड लागलं ते कारखान्यात. पावसाळ्यात निम्मी पाळी पडशानं घरी बसायची, म्हणून मालकांनी एक डॉक्टर बोलावून सगळ्यांना तासभर भाषण ऐकवलं. बाकीचे भाषणानंतरच्या वडा-चहासाठी बसले होते. मामा भाषणासाठी बसला. घरी येऊन त्यानं मामीला सांगितलं, "डॉक्टर बोलला, सर्दी शिंकेतनं येते, हातातनं येते, दुसऱ्याच्या फडक्यातनं येते. पावसातनं येते असं काय तो बोलला नाय." त्या दिवशी संध्याकाळी खोलीत भिंतीवर खिळे ठोकले गेले. एका खिळ्याला मामाचा पंचा, दुसऱ्याला मामीचा. मी आल्यावर तिसरा खिळा आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या मालकीचं काही झालं असेल तर तो पंचा.

मामी गरीब स्वभावाची. त्या दोघांना मूल नव्हतं. मामा ड्यूटीवरून आला की तिलाही दारातूनच विचारायचा, हात कुठून आला. ती परातीतला हात वर करून दाखवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "लग्नात ह्यांनी माझा हात धरला तवा नाय इचारलं कुठून आला. आता इचारतात."

"तवा डॉक्टर नव्हता आला," मामा म्हणायचा.

पावसात भिजून सर्दी होते, दही खाऊन होते, पेरू खाऊन होते, असं कुणी म्हटलं की मामाला कापरं भरायचं. भर श्रावणात तो ओट्यावर बसून दहीभात खायचा, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. "पावसानं पडसं झालं असतं तर आपल्या म्हशी बारा महिने शिंकत बसल्या असत्या," हा त्याचा मुद्दा. वाडीवरच्या म्हाताऱ्यांना म्हशीचा मुद्दा खोडता येत नसे. ते नुसते खोकत.

एस्टीत मात्र मामा म्हणजे संकट. महाड-पोलादपूर गाडी, काचा लावलेल्या, आत ओले कपडे, सुकी मासळी आणि चाळीस नाकं. मामा चढला की पहिल्यांदा खिडकी उघडायचा. पावसाची झड आत यायची. लोक ओरडायचे.

"ओ काका, खिडकी लावा! भिजतोय!"

"भिजल्यालं वाळतं," मामा शांतपणे म्हणायचा. "मागचा तो बाबा खोकतोय, त्याचं काय वाळत नाय. ओ दादा, कोपरात खोका की! हातात खोकून दांडा कशाला धरता? तो दांडा मला धरायचाय."

कंडक्टर त्याला ओळखून होते. एकानं तर तिकीट देताना आपले दोन्ही तळवे दाखवून म्हटलं, "धुतलेत हां, धाकूशेट." मामानं तिकीट घेतलं, खिशात टाकलं, आणि उतरेपर्यंत तो हात चेहऱ्याजवळ नेला नाही. नाकाला खाज आली तर खांद्यानं घासायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला कुणीतरी बांधून ठेवलंय. चहाच्या टपरीवर जाताना स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीत घेऊन जायचा. टपरीवाला त्याला अर्धा घोट जास्त द्यायचा, कारण एक कप धुवायचा वाचे.

मी महाडच्या कॉलेजात शिकले. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी महिनाभर आमच्या खोलीत कुणाला प्रवेश नव्हता. शेजारची बाई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आली तर मामानं तिला खिडकीपाशी उभं केलं आणि बोलावणं गजांमधून घेतलं. मी बी.ए. झाले. आमच्या वाडीत बी.ए. झालेली मी पहिली, मुलगे धरून. हे मी आजही मान वर करून सांगते. मामाही सांगायचा, पण त्याचं सांगणं वेगळं. "आमची संगी बीए झाली. तिनी वर्सात एकदाबी शिंक दिली नाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, विद्यापीठानं मला त्याचेच मार्क दिले.

माझ्या लग्नात मात्र त्यानं आम्हाला घाम फोडला. भेटीच्या वेळी दोन्हीकडचे मामा एकमेकांना माळा घालून मिठी मारतात. नवऱ्याकडचा मामा चांगला आडवातिडवा, मिशीवाला, आणि त्याचं नाक सकाळपासून वाहत होतं. आमच्या मामानं ते लग्नघरी पाय ठेवताच पाहिलं होतं. वाजंत्री वाजायला लागली, मिशीवाले मामा हात पसरून पुढं आले, आणि धाकूमामा दोन पावलं मागं सरला. ते पुढं, हा मागं. असे दोघं मांडवाच्या खांबापर्यंत गेले. तिथं मागं जायला जागा उरली नाही, तसा मामानं हातभर अंतरावरून माळ फेकली. बरोब्बर गळ्यात पडली.

"पाव्हनं," मामा हात जोडून म्हणाला, "मान तुमचा, माळ तुमची. पडसंबी तुमचं तुमच्याकडंच राहू द्या."

सासरची माणसं चार महिने ते विसरली नाहीत. नंतर हसून सांगायला लागली.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, ऐन आषाढात, मला मुलगी झाली. आठव्या महिन्यात झाली. दोन किलोही भरली नाही. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी. महाडच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला समोर बसवून सांगितलं, "तिला तुमचं दूध आणि ऊब मिळू द्या. आणि हिला सर्दी होता कामा नये. मोठ्या माणसाला नुसतं नाक वाहतं, हिला दम लागेल. वजन वाढेपर्यंत सर्दीवाल्या माणसानं हिला हातात घ्यायचं नाही."

मामा माझ्या मागं उभा होता. सगळी दुनिया त्याला इतकी वर्षं हसत आली होती आणि आता एक डॉक्टर खुर्चीत बसून त्याचीच वाक्यं बोलत होता. पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यानं फक्त विचारलं, "कवापर्यंत, डॉक्टर?"

"दिवाळीपर्यंत तरी सांभाळा."

वाडीवर नऊ माणसांत आणि म्हशींत तिला नेणं शक्यच नव्हतं. म्हणून माझं माहेरपण बिरवाडीच्या खोलीत झालं. मामानं दारात एक स्टूल टाकलं, शेजारी बादली, तांब्या आणि साबण. ड्यूटी नसेल तेव्हा मामा स्टुलावर, ड्यूटी असेल तेव्हा मामी. बाळाच्या बापालाही, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेराचा पाढा माफ नव्हता.

आमच्याकडे बाळ बघायला येणारी बाई बाळ नुसतं बघत नाही. उचलते, छातीशी धरते, मुका घेते, मग दुसरीच्या हातात देते. असं बाळ अख्ख्या वाडीभर फिरतं. बारसं सव्वा महिन्यानं ठरलं. बारशाला नको कुणाला म्हणणार?

"बोलाव सगळ्यांना," मामा म्हणाला. "दार एकच हाय."

बारशाला वाडीवरून जीपभर बाया आल्या. त्यांच्यात आमची थोरली काकू. काकूला पाच मुलगे, नवरा धडधाकट, त्यामुळं वाडीवरचं प्रत्येक बाळ पाळण्यात घालायचा मान तिचा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालत नसे, आणि मामीचा तर मुळीच नाही. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाच्या बारशाला मामीनं कौतुकानं पाळण्याची दोरी धरली होती. काकूनं सगळ्यांदेखत ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुझा हात नको गो सुमन. तू भाकऱ्या बघ." तेव्हापासून कुठल्याही बारशाला मामी चुलीपुढं बसायची आणि मामा अंगणात.

मामा स्टुलावर बसला. बाया रांगेत.

"हात कुठून आला?"

"जीपमधनं."

"नाक वाहतंय?"

"जरासं."

"जरासं ते गॅलरीत. फुडली!"

श्रावणातलं नाक ते. एकेक बाई गॅलरीत जमा व्हायला लागली. माझी आईसुद्धा. तिनं तर भाऊ म्हणून आवाज चढवला, "धाक्या, आजी हाय मी पोरीची!" मामा म्हणाला, "म्हनूनच, आक्का," आणि तिला खिडकीजवळची चांगली जागा दिली. नाव ठेवणारी आत्या म्हणजे माझी नणंद, तिचा तर घसा बसलेला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. मामानं निर्णय दिला, "कान हितं हाय, तोंड तिथनं उघडा." वन्संनी गॅलरीतून, फाटक्या आवाजात, जीव खाऊन नाव घेतलं. समोरच्या चाळीतल्या लोकांच्याही कानात माझ्या मुलीचं नाव पडलं.

राहिली काकू. ती शेजारच्या खोलीत उसळीचं बघत होती. पदर खोचून दारात आली, आणि नेमकी तिथंच दोनदा खोकली.

"गॅलरीत," मामा म्हणाला.

"मला काय झालंय रे मेल्या? ठसका हाय तो!"

"खोकला तो खोकला. गॅलरीत."

काकू तणतणत गेली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आत फक्त आम्ही तिघी. मी, बाळ आणि चुलीपुढं मामी. बाळ पाळण्यात घालायला दोघीजणी लागतात. पाळण्याच्या एका अंगानं एक, दुसऱ्या अंगानं दुसरी, बाळ खालून-वरून एकमेकींच्या हाती द्यायचं असतं. गॅलरीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हटलं, आता कोण घालणार?

मामा आमच्याकडे पाठ करून बसला होता. पाठ तशीच ठेवून तो म्हणाला, "हिला सर्दी नाय. धा वर्सं झाली, हिला सर्दी नाय."

  डॉक्टरांचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं.

मामी उठली. हात धुतले, पुसले, परत धुतले. पाळण्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली आणि मी बाळ पुढं केलं तेव्हा तिनं ओले हात आपल्या पंच्याला आणखी एकदा पुसले. मग तिनं बाळ घेतलं. खालून घेतलं, वरून दिलं, पुन्हा घेतलं. शेवटी पाळण्यात ठेवताना तिनं पोरीच्या डोक्याखाली आपला तळवा तसाच राहू दिला, कितीतरी वेळ.

काकूच्या मागोमाग शेजारच्या खोलीतून मिरचीच्या फोडणीचा वास आला होता. तो माझ्या नाकात गेला, मामीच्याही गेला असणार, आणि मामाचं नाक तर आम्हा दोघींपेक्षा तीक्ष्ण. काकूला सर्दीबिर्दी काही नव्हती. मी मामाकडे बघितलं. तो बादलीतलं पाणी संपलं का ते वाकून बघत होता. मी पाळण्याची दोरी मामीच्या हातात दिली.

दिवाळीला आम्ही पोरीला डॉक्टरांकडे नेलं. वजन साडेपाच किलो भरलं. त्या अख्ख्या पावसाळ्यात तिला एकदाही सर्दी झाली नाही, आणि तिला पाळण्यात माझ्या मामीनं घातलं.